राखीव

चपला इथेच काढून ठेवा. जिथे जायचंय तिथे त्या फारशा कुणाच्या पायात नाहीत, आणि तुमच्याच पायात दिसल्या तर पोरं आधी चपलांकडे बघतील, मग तुमच्याकडे.

तुम्ही धामापूरच्या तळ्याच्या बांधावर उभे आहात. भगवतीचं देऊळ हाताशी, पायऱ्या थेट पाण्यात उतरलेल्या, आणि जवळूनच कुडाळहून चौक्यामार्गे मालवणला जाणारा रस्ता. विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी १५३० मध्ये हे तळं बांधून घेतलं असं सांगतात. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तूंच्या यादीत घेतलं. पण आपल्याला तितकं मागे जायचं नाही. १५३० मध्ये पटावर पोरं नव्हती, घंटा नव्हती, तेव्हा आंतरशालेय काही असण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्याला जानेवारी १९७९ पुरे. कठड्याला टेका, डोळे मिटा, दहा आकडे मोजा.

उघडा आता. तळं तेच, पाणी तेवढंच. रस्ता आकसलाय, गाड्यांचा आवाज नाही. तुमचं वय बारा, इयत्ता सातवी. खाकी अर्धी चड्डी, तिला मागे ठिगळ. तुम्हाला ‘तुम्ही’ फक्त मी म्हणणार. बाकी सगळे ‘रे’ म्हणतील, आणि चिडले की ‘मेल्या’.

“खय होतस रे? कळशी कोणी भरूची?”

हे तुम्हालाच आहे. आज बीटाच्या क्रीडास्पर्धा. आसपासच्या गावांतल्या जिल्हा परिषदेच्या शाळा सकाळपासून चालत येतायत. पुढे एक गुरुजी सायकल हातात धरून, मागे पोरांची रांग, रांगेच्या शेवटी बाई आणि मुली. प्रत्येकाच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी. रांगेतला एखादा डुलक्या खातोय, कारण काल रात्री कुठल्याशा जत्रेत दशावतार पहाटेपर्यंत चालला आणि त्याला कुणी उठवून आणलेलं नाही, तो तिथूनच आलाय.

मैदान वर भरडावर आखलंय. इतर गावांत भात कापलं की कुणगे मोकळे पडतात आणि पोरांना आयतं मैदान मिळतं. इथे तळ्याचं पाणी पाटाने खाली येतं, वायंगणाची लावणी होते. तिथे पाय टाकलात तर मालक काठी घेऊन येईल. म्हणून खेळायचं ते भरडावर, जिथे माती बोटभर आणि खाली जांभा.

आखणी काल संध्याकाळी तुमच्यादेखत झाली. दोन खुंट्या, मध्ये ताणलेली सुतळी, सुतळीला मीटरामीटरावर गाठी. डालड्याच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने भोकं पाडलेली, डब्यात चुन्याची फक्की. डबा सुतळीवरून हलके आपटत न्यायचा. जोरात आपटलात तर रेघ चार बोटं जाड होते, आणि मग पोराचा पाय निदान रेषेपलीकडे गेला होता की रेषेवरच होता यावरून दोन गावांचं वर्षभर बोलणं बंद. गुरुजी म्हणून डबा कुणाच्या हातात देत नाहीत. मधली रेघ, दोन निदान रेषा, दोन्ही कडांना राखीव क्षेत्रं. राखीव क्षेत्र म्हणजे झटापट झाली की खेळात येणारी पट्टी. आणि राखीव खेळाडू म्हणजे तुम्ही.

लगेच हिरमुसू नका. सातवीत नुसते मुलगेच वीसच्या वर आहेत. दिवाळीनंतर गुरुजींनी सगळ्यांना भरडावर पळवलं, एकमेकांवर सोडलं, आणि दहाजणांची नावं फळ्यावर लिहिली. उरलेले त्या चिऱ्याच्या गडग्यावर बसलेत. त्यांच्या डोळ्यांत आज तुमच्याविषयी जे आहे ते नीट बघून घ्या, पुन्हा मिळायचं नाही. नियमाने कबड्डीचा संघ बाराचा: सात आत, पाच बाहेर. तुमचे दहाच, आणि त्यांतही गंजीफ्रॉक नऊ. निळ्या रंगाचे, छातीवर आकडा रंगवलेला, गावातल्या मंडळाकडून मागून आणलेले. दहावे तुम्ही, उघडे.

मागून आणलेल्या वस्तूचं या गावाला नीट कळतं. तळ्याची गोष्ट तुम्ही आजीकडून ऐकलीच असेल: लग्नाच्या आदल्या दिवशी परडीत फुलं घालून पाण्यात सोडायची, तळं दागिने द्यायचं, कार्य झालं की ते परत करायचे. कुणीतरी परत केले नाहीत आणि देणं बंद झालं. गुरुजी नव्या विचाराचे, असल्या गोष्टींवर त्यांचा विश्वास नाही. पण संध्याकाळी ते गंजीफ्रॉक दोनदा मोजतात.

उद्घाटनाला विस्तार अधिकारी साहेब. नारळ फुटतो. साहेबांचं भाषण लांबतं, त्यात अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मन प्रेक्षकांना हा खेळ करून दाखवल्याचं येतं. ही गोष्ट खरी आहे, पण ऊन चढतंय आणि पोरांचं लक्ष लिमलेटच्या गोळ्यांच्या बरणीकडे आहे. भाषण ऐकतायत ते गडग्याच्या सावलीतले बाप्ये, आणि त्यांचाही अर्धा कान चहाच्या टपरीतल्या ट्रान्झिस्टरकडे. वेस्ट इंडीजचा संघ आलाय. कलकत्त्याला गावस्करने दोन्ही डावांत शतकं काढली, तेव्हापासून गावातला प्रत्येक माणूस त्याचं मूळ वेंगुर्ल्याचं असल्याचं एकमेकांना सांगतोय, जणू ऐकणाऱ्याला माहीतच नाही. क्रिकेट संपलं की रेल्वे.

“येतली काय रे रेल्वे?”

“येतली तर. दंडवते आसत मा थंय.”

राजापूरचे खासदार मधु दंडवते या घडीला दिल्लीत रेल्वेमंत्री आहेत. तुम्हाला पुढचं माहीत आहे, मंत्रिपद या वर्षातच जाणार आणि गाडी यायला अजून बरीच वर्षं लागणार. पण बोलू नका. बारा वर्षांच्या पोराचं कोण ऐकतंय?

शिट्टी.

मैदानाबाहेर बसलेल्याला खेळ जास्त दिसतो, हे मी काही तुमचं सांत्वन म्हणून सांगत नाही. आतले सातजण फक्त चढाई करणाऱ्याकडे बघतात. तुम्हाला सगळं अंगण दिसतं. समोरच्या शाळेचा डावखुरा चढाईला आला की आधी उजव्या खांद्याने हूल देतो; तुमचा डावा कोपरा दर वेळी फसतो. तुम्ही ओरडता, “खांदो बघू नको, पाय बघ त्येचो!” गुरुजी मान वळवून बघतात. पुढच्या चढाईला कोपऱ्यातला पोरगा खाली जातो, घोटा दोन्ही हातांनी कवळतो, बाकीचे तिघे वरून. दम सुटतो. धुरळा उडतो, आणि धुरळ्यातून तुमच्याच गावचा आवाज येतो.

मग तुमचा हुकमी चढाईवाला मध्यरेषेकडे सूर मारतो आणि जांभ्यावर गुडघा सोलतो. आता तुमचं काम. कळशी टाका, गडग्यापलीकडे पळा, रानमोडीची पानं ओरबाडा, दोन्ही तळहातांत चुरगाळा. हिरवा रस निघेपर्यंत चोळायचं, मग पिळायचा थेट जखमेवर. पोरगा दात-ओठ खातो, पण ओरडत नाही, कारण पलीकडे मुलींचा खो-खो चाललाय. रक्त थांबतं. गुरुजी त्याला विचारतात, “खेळतंलस?” आणि त्या एका क्षणात तुमच्या पोटात काय होतं ते मला माहीत आहे. तुम्हाला तो बरा व्हायला हवाय आणि नकोही आहे. तो मान हलवतो, आत जातो. तुम्ही हिरवे हात चड्डीला पुसता.

जिंकलात. म्हणजे ते जिंकले, पण घरी आई विचारील “कोण जिकलो?”, तेव्हा तुम्ही ‘आम्ही’ म्हणाल आणि त्यात खोटं काही नसेल.

मालवण थोडक्यात उरकू. तालुक्याच्या स्पर्धा, बोर्डिंग मैदान. टोपीवाल्यांच्या नावाची शाळा ज्या गावात आहे तिथली पोरं मैदानावर आपल्या अंगणात असल्यासारखी वावरतात. त्यांची रेती मऊ, पडायला मजा येते. तुमची पोरं भरडावरची, ती पडायला कचरतात, म्हणूनच पाय रोवून उभी राहतात. अंतिम सामना एका गुणाने. तुम्ही कळशीऐवजी बादली सांभाळलीत, एवढाच तुमचा उत्कर्ष. मैदानावर रत्नागिरीला जाणाऱ्या शाळांची नावं पुकारतात, आणि तुमच्या शाळेचं नाव भोंग्यातून ऐकताना गुरुजी चष्मा काढून पुसतात.

कारण जिल्हा म्हणजे रत्नागिरी. अजून सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा नाही. सिंधुदुर्ग म्हणजे मालवणच्या समुद्रातला शिवाजी महाराजांचा किल्ला, बस. जिल्हा परिषद रत्नागिरीत, शिक्षणाधिकारी रत्नागिरीत, आणि जिल्हास्तरावरचं मैदानही तिथेच. इथून दीडशे किलोमीटरच्या आसपास, लाल एस.टी.ने. पहाटे वस्तीच्या गाडीने निघायचं, कसाल, कणकवली, मग हमरस्ता. खारेपाटणपर्यंत गाणी चालतात. राजापूरच्या वळणांवर एकेक जण गप्प होतो आणि खिडकीशी जागा मागतो. तुमचं काम वाढलंय: लिंबू तुमच्या खिशात आहे. लांज्याला गाडी थांबते तेव्हा गुरुजी उतरून पोरं मोजतात, पुन्हा चढून मोजतात. दहाच्या दहा. तुमच्या खेपेतल्या कुणीही याआधी राजापूर ओलांडलेलं नाही. एखाद्याचे वडील मुंबईला गिरणीत आहेत, पण तो स्वतः गेलेला नाही. लग्न, जत्रा, दुखणं यांखेरीज चौथ्या कारणाने गाव सोडण्याची ही तुमची पहिली वेळ.

रात्री मुक्काम एका शाळेच्या वर्गात. बाकं भिंतीला लावून खाली सतरंज्या. अंधारात कोणीतरी कुजबुजतो की खेडची पोरं आपल्याहून हातभर उंच आहेत. कुणाला झोप लागत नाही. तुम्हाला लागते, कारण तुम्हाला उद्या खेळायचं नाही.

आणि इथे फसता.

सामना पंधरा मिनिटांतच गेलेला असतो. समोरची पोरं खरंच उंच आहेत, त्यांची साखळी तुटत नाही, तुमच्यावर एक लोण चढलंय, दुसरं चढायच्या बेतात. दीडशे किलोमीटर येऊन अर्ध्या तासाचा खेळ, आणि तोही असा. गडग्यावर बसलेल्यांना हे कसं सांगायचं याचा विचार पोरं आत उभ्या उभ्याच करू लागलीत. शेवटची तीन मिनिटं उरतात. गुरुजी तुमच्याकडे न बघता म्हणतात, “उठ. गंजीफ्रॉक घाल.”

ज्याच्या गुडघ्याला तुम्ही रानमोडी पिळली होती तो बाहेर येतो, आपल्या अंगातला काढतो. ओला, जड, मातीने माखलेला. तुम्ही घालता. छातीवर सातचा आकडा, अर्धा उडालेला. पंच हाताने खूण करतात: चढाई धामापूर.

मध्यरेषा ओलांडताना कबड्डी-कबड्डी सुरू करायचं, हे अंगात मुरलेलं आहे, पण आवाज निघतो तो पाहुण्याने दार वाजवावं तसा. बोला, बोला, थांबू नका. दम तुटला तर बाद. समोर सातजण हात धरून अर्धवर्तुळात. डावीकडे सरकता, साखळी सरकते. उजवीकडे, तीही. निदान रेषा ओलांडल्याशिवाय परतलात तरी बाद. रेषा तीन पावलांवर. दोन. उजवा पाय पुढे, टाच उचललेली, चवडा पलीकडे टेकला, आणि त्याच क्षणी कोपऱ्यातला खाली जातो. तुम्हाला त्याचा खांदा दिसत नाही, तुम्ही इतके दिवस बाहेर बसून पाय बघायला शिकलायत. तुम्ही पाय ओढून घेता. त्याचे हात मातीत पडतात. वळता, तीन ढांगा, मध्यरेषा.

रिकामी चढाई. गुण शून्य. वहीत या चढाईची नोंद होत नाही. गुरुजी मात्र टाळी वाजवतात, एकदाच, आणि मग कुणी बघितलं तर नाही ना म्हणून हात मागे बांधतात.

पुढे सरकू या, आपल्याला वेळेची टंचाई नाही पण शब्दांची आहे. १ मे १९८१. रत्नागिरीचे दक्षिणेकडचे तालुके तोडून सिंधुदुर्ग जिल्हा होतो, ओरसला मुख्यालय येतं. वर्तमानपत्रांत विकासाचं वगैरे येतं, ते यायचंच. धामापूरच्या शाळेत त्याचा अर्थ वेगळा लागतो: जिल्हास्तर तासाभरावर आला. आता रात्रीचा मुक्काम नाही, लिंबू नाही, राजापूरची वळणं नाहीत. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मला विचाराल तर ही सोय झाली ती चांगलीच झाली. पोरांच्या ओकाऱ्यांत काही काव्य नाही. पण ज्यांनी रत्नागिरी पाहिली होती ती शेवटची खेप तुमची, किंवा तुमच्यानंतरची एखाद-दुसरी. क्रीडा खात्याच्या शालेय स्पर्धांत मात्र पुढचा टप्पा सह्याद्रीपलीकडेच राहिला: विभाग कोल्हापूर. तिथे कोल्हापूर-सांगली-साताऱ्याची पोरं, म्हणजे तालमीतली, दूध प्यालेली. त्यांच्याशी गाठ पडली की इकडच्यांना खेडची पोरं ठेंगणी वाटू लागतात.

आता फेब्रुवारी १९८८चा शेवटचा आठवडा. तुम्ही एकवीस वर्षांचे चाकरमानी, पायात चपला आहेत. मुंबई, आझाद मैदान. व्ही.टी.कडे जाताना मैदानातून तिरका रस्ता धरलात आणि एका सामन्याच्या कडेला थबकलात, कारण दोन पोरं खेळतायत आणि फळ्यावरचा आकडा काहीतरी चुकलेला वाटतोय.

चुकलेला नाही. हॅरिस शील्ड, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आलेली मुंबईच्या शाळांची क्रिकेट स्पर्धा. उपांत्य सामना, शारदाश्रम विद्यामंदिर विरुद्ध सेंट झेवियर्स. २ बाद ८४ वर ही जोडी जमली आणि आजचा दुसरा दिवस आहे. विनोद कांबळी आणि सचिन तेंडुलकर. क्षेत्ररक्षण करणाऱ्या पोरांचे चेहरे बघा. तुम्हाला रत्नागिरीचं अंगण आठवेल. बाहेरून साहाय्यक प्रशिक्षक डाव सोडा म्हणून खुणा करतायत आणि ही दोघं जाणूनबुजून तिकडे बघत नाहीत. शेवटी जेवणाच्या सुट्टीत आचरेकर सरांना फोन जातो, सरांचा हुकूम येतो, डाव सोडला जातो. २ बाद ७४८. कांबळी नाबाद ३४९, तेंडुलकर नाबाद ३२६, भागीदारी ६६४.

रमाकांत आचरेकर यांचा जन्म १९३२चा, मालवणचा. तुमच्याच तालुक्याचा माणूस. त्यांच्या पोरांनी पुढे काय केलं ते सगळ्या जगाला पाठ आहे. त्यांनी स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळला होता, हे कमी जणांना. पण तुम्ही खेळपट्टीकडे बघू नका. तुमची नजर तयार आहे, बाहेर बघा. तंबूच्या कडेला पॅड बांधून एक तेरा वर्षांचा पोरगा बसलाय. पुढचा फलंदाज. पहिल्या दिवशी बांधले, दुसऱ्या दिवशीही बांधले. दोन दिवस तो ‘आता आपला नंबर’ म्हणून बसलाय आणि नंबर येत नाही, कारण आतले बाद होत नाहीत. तो आतल्यांच्या प्रत्येक चौकाराला टाळ्या वाजवतोय. त्याच्या पोटात काय चाललंय ते तुम्हाला ठाऊक आहे.

त्याचं नाव अमोल मुझुमदार. मुंबईकडून रणजी पदार्पणात तो २६० धावा करील. प्रथम श्रेणीत ११,१६७ धावा जमवील. भारताकडून एकही सामना खेळणार नाही, कारण त्या फळीतले आतलेही लवकर बाद होत नव्हते. आणि २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत भारताच्या मुली विश्वचषक जिंकतील तेव्हा त्यांचा मुख्य प्रशिक्षक म्हणून तो कडेला उभा असेल. हे त्याच्या कानात जाऊन सांगावंसं वाटतं, पण सांगू नका. पॅड बांधलेल्या पोराला भविष्य नको असतं, विकेट हवी असते.

तुमची गाडी चुकेल. चला.

मधली वर्षं भराभर जातात. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी पहिल्यांदा पदकाचा खेळ होते आणि सुवर्ण भारताचं. १९९८च्या २६ जानेवारीला कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावते. दंडवते तेव्हा हयात आहेत, गडग्याच्या सावलीत बसणारे बरेचसे नाहीत. २०१४ मध्ये कबड्डी रोज रात्री टीव्हीवर येते, चकचकीत गादीवर, बूट घालून. धामापुरातल्या टीव्हीवरही. ज्यांच्या गुडघ्यांवर जांभ्याचे वण आहेत ते बाप्ये ती बघताना एकदा तरी म्हणतात, “गादयेर कोणय खेळात.”

आणि आता २०२५चा हिवाळा. तुम्ही अठ्ठावन्न वर्षांचे, नोकरी आटोपून गावात. तुम्हाला पुन्हा ‘तुम्ही’ म्हणतात, किंवा ‘काका’. केंद्रस्तराच्या स्पर्धा आहेत: बाल, कला, क्रीडा आणि ‘ज्ञानी मी होणार’. सिंधुदुर्ग जिल्हा परिषदेच्या शाळांत हे नाव सगळ्यांच्या तोंडात बसलेलं आहे. केंद्र, प्रभाग, तालुका, जिल्हा, अशी चढण. धावणं, उड्या, कबड्डी, खो-खो, लंगडी, समूहगान, समूहनृत्य, सामान्यज्ञान. गुरुजींनी, म्हणजे आता ‘सरांनी’, तुम्हाला गुणलेखक म्हणून बसवलंय. खुर्ची आहे, टेबल आहे, वर मंडप. पोरांच्या पायांत बूट आहेत, अंगात शाळेच्या नावाचे टी-शर्ट, प्रत्येकाचा स्वतःचा. संध्याकाळी कुणी मोजणार नाही.

कबड्डीच्या नोंदणीचा कागद तुमच्यापुढे येतो. छापील, बारा रकाने. पहिल्या शाळेने नऊ भरलेत. दुसरीने सात. तिसरीने कागद कोराच परत केलाय.

“तुमचा संघ नाही?”

“सात खंयसून आणू, काका? पट अकरा, त्यात पहिली-दुसरीची पाच.”

यात कुणाला दोष द्यावा ते मला कळत नाही. जन्मच कमी, त्यात चाकरमानी पोरं घेऊन मुंबई-पुण्याला, उरलेल्यांपैकी निम्मी गाडीने इंग्रजी शाळेत. विसाच्या आतला पट असलेल्या शाळांचं काय करायचं यावर मंत्रालयात फायली फिरतात. तुमच्यापुढे मात्र एवढंच आहे: बारा रकाने, सात नावं, खाली पाच मोकळ्या ओळी. तुमचं नाव ज्या ओळीत असायचं ती ओळ.

सामना सुरू होतो. सातवाली शाळा चांगली खेळते, दोन मुली तर मुलग्यांना ऐकत नाहीत. लहान गटात एकत्र संघ उतरवायची पाळी आलीय, त्याचा हा फायदा. मध्यंतराआधी त्यांच्या एका पोराचा पाय मुरगळतो. पंच शिट्टी वाजवून तुमच्याकडे वळतात. “राखीव कोण?”

तुम्ही कागद बघता, जरी पाठ आहे. “कोण नाय.”

सहाजण खेळतात. हरतात, पण लोण चढू देत नाहीत. बाहेर बसलेला पोरगा पाय बर्फाच्या पिशवीवर ठेवून ओरडतोय, “उजवीकडचो बघ रे, तो हूल देता!” तुम्ही पेन खाली ठेवून त्याच्याकडे बघता. त्याला आज पहिल्यांदाच सगळं अंगण दिसतंय.

तेवढ्यात भोंगा खरखरतो. ज्या शाळेने कबड्डीचा कागद कोरा दिला तिच्या एका सहावीतल्या मुलीचं नाव पुकारलं जातं: लांब उडी, दुसरी फेरी. ती शंभर मीटरची शर्यत आत्ताच संपवून आलीय, दुसरी आली, श्वास अजून जागेवर नाही. उडीच्या खड्ड्याकडे निघते तोच दुसऱ्या भोंग्यातून वर्गखोलीतून तिचंच नाव: ‘ज्ञानी मी होणार’, मोठा गट, ताबडतोब हजर राहावं. ती मध्येच थांबते. मोठ्या गटात त्या शाळेची ती आणि अजून एकच. तो गोळाफेकीच्या रांगेत.

“सर, खय जाव?”

“आधी उडी मार,” सर ओरडतात, “मी थयसर सांगतंय थांबूक.”

ती धावते, फळीवर पाय पडतो, वाळूत आदळते, उठते. मोजपट्टीवाला आकडा सांगतोय, तो ऐकायला ती थांबत नाही. गुडघ्यांना वाळू, हातात बूट, थेट वर्गाकडे. तुमच्या टेबलाजवळून जाताना विचारते, “काका, सिंधुदुर्ग जिल्हो कधी झालो?”

“एक मे, एक्याऐंशी.”

“आणि त्याच्याआधी?”

“रत्नागिरी,” तुम्ही म्हणता, पण ती तोवर पायरी चढून आत गेलेली असते.